झोफ्काने ऐकलेलं चूदो

झोफ्का म्राक आमच्या ल्युब्ल्यानातल्या शब्दकोश कचेरीत एकतीस वर्षं शब्दांची कार्डं लिहीत होती, एका शब्दाला एक. कोशावर तिचं नाव नाही, माझं आहे. म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी, आणि सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आम्हा सगळ्या स्लाव लोकांची जी मूळ बोली, ती कुणी लिहून ठेवली नाही. तिच्यात नवलाला 'चूदो' म्हणत असावेत, असं आम्ही अंदाजाने मांडतो. हा शब्द ऐकण्या-जाणण्याच्या धातूतून आला, नवल आधी कानाला कळलं, ही झोफ्काची खात्री. पण पुरावा हवा ना! न दिसलेल्या, नुसत्या ऐकलेल्या गोष्टीला 'चूदो' म्हणणारं कुणीतरी भेटायला हवं. त्यासाठी ती तीन उन्हाळे तोल्मिनच्या डोंगरात नेझिका म्हातारीकडे घेवडा सोलत बसली. आमचा नियमच तसा: शब्द विचारायचा नाही, माणूस आपणहून बोलेपर्यंत थांबायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात पलीकडच्या अंगाला दरड कोसळली. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज. म्हातारी म्हणाली, "ऐक गं पोरी, केवढं चूदो आलं!"

झोफ्का धावतच ते कार्ड घेऊन आली.

"तू काही विचारलंस?" मी म्हटलं.

"नाही हो सर. नुसतं 'काय म्हणालात आजी?' म्हटलं, तर पुन्हा तेच म्हणाल्या."

"म्हणजे विचारलंसच की! कार्ड बाद. पुढच्या वर्षी जा परत."

"अहो, एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत त्या!"

"नियम म्हणजे नियम."

पहिल्यांदा म्हातारी आपणहूनच बोलली होती, हे मला कळत का नव्हतं? चांगलं कळत होतं. पण कार्डं लिहिणाऱ्या बाईने शोध लावावा, हे मला सोसवलं नाही. म्हातारी नाताळाआधीच गेली. कोशात त्या अर्थापुढे प्रश्नचिन्ह छापलं गेलं.

गेल्या महिन्यात झोफ्का आजारी असल्याचं कळलं, तेव्हा अक्रोडाची पोतित्सा, आमच्याकडचा सणाचा गोड पाव, घेऊन भेटायला गेलो. न राहवून बोललो, "झोफ्का, माझी निम्मी कार्डं मी सरळ विचारून भरली होती. खेड्यात राहायचा कंटाळा यायचा."

"माहितीये की. एका दिवसात दोनशे शब्द कोण आपणहून बोलतं? ती स्वच्छ अक्षरात उतरवायला माझ्याकडेच यायची."

"मग तेव्हाच तोंडावर का नाही फेकलीस?"

"फेकली असती तर सगळीच बाद झाली असती. कोश कसा निघाला असता, सर?" तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माझं तर एकच होतं."