विमलअक्का आणि पुलावरची लढाई

लढाई सुरू होण्याआधी विमलअक्का टेबलावर तळहात आपटायच्या आणि म्हणायच्या, "बोला!" मग प्रत्येकाने आपण काय करणार ते सांगायचं. त्यानंतर फासे. फासे पडल्यावर कोणी शब्द फिरवू लागला की अक्का चष्म्यावरून नुसत्या बघायच्या. भुसावळला जन्मभर गणित शिकवलेली बाई ती, तेवढं पुरायचं.

मी जुन्या गाड्या घेऊन विकतो. मेहरूणला त्यांची स्कूटर घ्यायला गेलो, तर घरात मोठी माणसं राक्षसाशी लढत होती. "थांब भाऊ, याले मारू दे, मंग भाव बोलू," अक्का म्हणाल्या. मुलगा परदेशी जाताना खेळाची पुस्तकं मागे ठेवून गेला होता, ती वाचून त्या शिकलेल्या. अक्का गोष्ट सांगणार, बाकीचे एकेक पात्र होणार, जगणं-मरणं फाशांवर. स्कूटरचा सौदा फिसकटला, पण दर रविवारी मी जाऊ लागलो.

त्या खेळाचे नियम दर आवृत्तीला बदलतात. अक्कांचा हिशेब साफ होता : "जुनं पुस्तक सासू, मधलं वकील, नवं आजी." जुन्यात आधी शब्द द्यायचा, मग एका फाशावर ठरणार कोणती बाजू आधी, जीव संपला की मेला. मधल्यात चौकटी मोजत सरकायचं आणि प्रत्येक पावलाला कलम. नव्यात ज्याची पाळी त्याने तेव्हाच ठरवायचं, आणि पडला तरी जीव वाचवायला फासे टाकायला मिळतात. अक्का सासूच्या बाजूच्या.

माझं पात्र काळू सरदार, उसन्या तलवारीपासून वर आलेला, माझ्यासारखाच. एका रविवारी आम्ही दरीवरच्या पुलावर राक्षसाला गाठलं. मी बोललो, "काळू उडी घेऊन वार करतो." फासा राक्षसाच्या बाजूने पडला आणि त्याने आधी पूलच तोडला.

"मग काळू मागे सरकतो," मी म्हणालो.

"शब्द दिधा ना भाऊ? आते फिरानं नही."

"अक्का, नव्या पुस्तकात पूल तुटलेला दिसला असता मला!"

"गाडीचा भाव बोलून फिरतोस का तू?"

काळू उडी मारून थेट दरीत. मी फासे भिरकावले, चप्पल घातली आणि चहा न पिता निघालो. पुढच्या रविवारी परत गेलो, कारण भांडण अर्धं राहिलं होतं. नवं पात्र घेतलं, पण काळूचा विषय दर चहाला काढला. अक्का हसून म्हणायच्या, "तुना गडी मरी गया, तू काब्र भूत व्हयना?" मेला होता काळू, मानगुटीवर बसलो होतो मी.

मग अक्का धुळ्याला बहिणीकडे कायमच्या राहायला निघाल्या. शेवटच्या रविवारी मी मागणी केली : तोच पूल, तोच राक्षस, तोच काळू, पण नवं पुस्तक. अक्कांनी घासाघीस केली : "जे होईल ते मान्य करशील? परत कुरकुर नाही?" मी हो म्हणालो.

या वेळी ज्याची त्याची पाळी. राक्षसाची माझ्याआधी आली, त्याने पूल तोडला. आमचा मांत्रिक, म्हणजे किराणावाले गजूभाऊ, तुटक्या फळीला लोंबकळू लागला. माझी पाळी आली. काळूला मागे सरकायची पूर्ण मोकळीक होती. त्यासाठी तर मी इतके रविवार भांडलो होतो.

"काय करतोस?" अक्कांनी विचारलं.

"सरक रे बाबा, माझं मी बघतो," गजूभाऊ म्हणाले.

"उडी मारतो," मी म्हणालो.

काळूने मांत्रिकाला वर फेकलं आणि स्वतः दरीत गेला. जीव वाचवायचे फासे मीच टाकले, माझ्याच हाताने. एकही धड पडला नाही. आजीसुद्धा त्याला वाचवू शकली नाही.

अक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "आते कोनले दोष देशी?"

मी नवं पुस्तक चाळलं. नियमात काही सापडेना. "पुलाला," मी म्हणालो. "एवढा कच्चा पूल बांधला कोणी? तुम्हीच ना?"

"कुरकुर नाही म्हणाला होतास!"

"नियमांबद्दल म्हणालो होतो. बांधकामाबद्दल नाही."

हल्ली रविवारी सकाळी मी धुळ्याची गाडी धरतो. अक्कांनी नवा पूल दगडी बांधलाय म्हणतात. तो मी आधी ठोकून बघणार आहे.