वाऱ्यानं आणलेला बर्फ

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरखेडच्या सरकारी आवारात पर्जन्यमापकाचं झाकण काढून उभा होतो. त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवून दिला. लाज वाटते, पण मनात पहिलं हेच आलं, की इथंही हा माझ्या पुढेच गेला…

आम्ही दोघं फुलसावंगीचे. शाळेतलं मापक सकाळी साडेआठला मोजायचं काम गुरुजींनी मला दिलं होतं. डोळा पाण्याच्या पातळीशी आणून आकडा कसा वाचायचा, हे दिलीपला मी शिकवलं. पुढे मी तालुक्याच्या पावसालाच चिकटून राहिलो आणि तो पार दक्षिण ध्रुवाकडे बर्फ मोजायला गेला. गावानं त्याचा सत्कार केला, आभार मानायचं काम माझ्या गळ्यात! गोड बोललो, पण आतून नुसता जळत होतो.

तिकडे तो अख्खा हिवाळा राहिला, म्हणजे आपला पावसाळा. दर आठवड्याला फोन करायचा आणि आधी विचारायचा, “किती झाला बे?” मी आठवड्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये, पॉइंटनंतरच्या आकड्यासकट सांगायचो, तो वहीत उतरवायचा. मग त्याचं रडगाणं सुरू. तिथं वारा असा, की वरून पडलेला बर्फ कोणता आणि जमिनीवरून उडून मापकात शिरलेला कोणता, हेच कळत नाही. एका आठवड्यात त्याचा फोटो पेपरात आला. आमच्याकडे तेव्हा थेंब नव्हता. तरी मी ठोकून दिलं, “सत्तर. नाल्याले पूर आला.” इथंही काही घडतं, हे त्याला कळायला हवं होतं ना! “बरं,” म्हणाला आणि उतरवून घेतलं. पुढे कित्येकदा भेटलो, पण कबूल करायची हिंमत झाली नाही.

तेरवीनंतर वहिनींनी ती वही माझ्या हातात दिली. डावीकडे त्याचा बर्फ, उजवीकडे माझा पाऊस. बर्फाच्या काही आकड्यांपुढे शेरा होता, ‘वाऱ्यानं आणलेला. धरू नये.’ माझ्या सत्तरपुढेही तोच शेरा. खाली बारीक अक्षरात, ‘सुरेश पॉइंटशिवाय आकडा सांगत नाही. आज त्याचं काही बिनसलं आहे. पुढच्या फोनले आधी त्याची तब्येत विचारणे.’

आणि त्यानं विचारली होती. मी तेव्हा तुटकपणे म्हटलं होतं, “मले काय धाड भरली?”

आज सकाळी साडेआठला मोजलं. सरकारी वहीत लिहिलं, मग त्याच्या वहीत, उजवीकडे. डावी बाजू कोरीच राहिली. बारा पॉइंट चार, दिलीप. खरा आहे बे.