अकरावी सुपारी

दादा जाण्याच्या तीन दिवस आधी मी त्यांना औषध देत होतो. "किती थेंब?" त्यांनी विचारलं. "अकरा." "नीट मोजलेस ना?" ...आणि आम्ही दोघे असे हसलो की वहिनी पोळी तव्यावर टाकून धावत आल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. हे हसू आमच्या घरात यायला चार वर्षं लागली होती, म्हणून ते लिहून ठेवतो.

मी कलेक्टर कचेरीत नोंदी ठेवणारा. घराजवळच्या दुर्गाघाटाच्या पायऱ्या किती, हे लोक मला विचारत. दादा, माझे थोरले भाऊ, वैदिक; माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. शेजाऱ्यांकडे लघुरुद्र होता. अकरा ब्राह्मण, रुद्राची अकरा आवर्तनं. एक आवर्तन झालं की एक सुपारी ताटलीतून वाटीत टाकायची, हे काम माझं. ताटली रिकामी झाली, मी "पूर्ण" म्हणालो. एक वृद्ध गुरुजी म्हणाले, "दहाच झाली." दादा सर्वांसमोर कडाडले, "पायऱ्या मोजतो म्हणे! याला पत्रावळी मांडायला बसवा." सगळे हसले. अकरावं आवर्तन लगेच झालं, देवाचं काही अडलं नाही. अडलं माझं. ताटली घेताना मी सुपाऱ्या मोजल्या नव्हत्या, ही चूक माझीच.

दुसऱ्या दिवसापासून मी स्नानाला लांब अहिल्याबाई घाटावर जाऊ लागलो. नावाडी विचारी, "का हो भैया, अपना घाट सूख गया?" घरात चूल एक, पण बोलणं वहिनींमार्फत. "वहिनी, त्यांना सांगा, मीठ द्या." मीठ त्यांच्या हाताशीच असे! बायकोच्या आमटीत तिखट जास्त पडलं तरी मी टोचून बोलू लागलो. असं चार वर्षं चाललं, मग एकदा ती शांतपणे म्हणाली, "दादांनी तुम्हाला एकदाच म्हटलं. तुम्ही मला रोज म्हणता." मी त्या दिवशी कचेरीत एकही बेरीज धड केली नाही.

संध्याकाळी तिची माफी मागितली, आणि वहिनींना म्हणालो, "आपल्या घरी लघुरुद्र करू. दादांना सांगा, त्यांनीच चालवायचा."

लघुरुद्राला तेच अकरा जण बसले. दादांनी संकल्पाआधी कमरेची पानसुपारीची चंची सोडली आणि तिच्यातून एक काळवंडलेली सुपारी काढली.

"त्या दिवशी ताटली मी भरली. दहाच घातल्या. ही सवयीने इथे गेली. रात्री सापडली."

"मग चार वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं. पहिल्यांदा थेट.

"लाज वाटली रे. मोठा ना मी..."

ते वृद्ध गुरुजी म्हणाले, "मग आज मोजणार कोण?"

"हाच," दादा म्हणाले. "फक्त माझी चंची बाहेर ठेवा!"

हसण्यात संकल्पाला उशीर झाला. पुढची सतरा वर्षं मीच मोजत आलो, आणि प्रत्येक वेळी दादा भर सभेत विचारत, "अकराच ना रे?"

तेराव्याला वहिनींनी चंची माझ्या हाती दिली. ती सुपारी आतच होती. येत्या सोमवारी आमच्याकडे लघुरुद्र आहे. ताटलीत मी दहाच घालणार आहे, मोजून. अकरावी चंचीतून काढीन.