सापाला लागलेले काळे ठिपके

मुलगा आर्मीच्या सक्तीच्या सेवेत गेला आणि कपाटातल्या डब्यात लपवून पाळलेला साप माझ्यावर सोपवून गेला. सिंगापुरात घरी साप ठेवायला बंदी आहे, हेही चिरंजीवांनी जाताजाता सांगितलं!

साप दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसून राहायचा. मला वाटलं, मेल्याला उकडतंय. मग त्याच पाण्यात काळे ठिपके बुडून मेलेले दिसले. मुलाला फोटो पाठवला, तर त्याचा लगेच फोन.

"माइट्स आहेत गं आई, बारीक किडे, रक्त पितात. डॉक्टरकडे नेऊ नकोस, जप्त करतील."

किड्यांवर आपली अक्कल म्हणजे कापूर. वड्या डब्यात ठेवते म्हटलं, तर ओरडला, "मरेल तो!" मग त्याने सांगितल्याप्रमाणे डबा उकळत्या पाण्याने धुतला, सापाला कोमट पाण्यात बसवलं. थोड्याच दिवसांत त्याच्या डोळ्यांच्या कडेला पुन्हा तेच ठिपके.

शेवटी न राहवून प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि किड्यांवर औषध विचारलं.

"कोणता प्राणी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मांजर," मी म्हणाले.

त्यांनी फार प्रेमाने समजावलं, मानेवरचे केस बाजूला करा आणि औषध थेट कातडीवर सोडा.

मी सापाकडे बघत "हो, हो" म्हणत राहिले.