चार बोटं खाली

आमचे भाऊजी शर्टाच्या खिशात पेन ठेवत नाहीत, व्हर्नियर ठेवतात. केसाची जाडीसुद्धा मोजून सांगणारं ते पोलादी माप घेऊन त्यांनी यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि 'नापास' म्हणून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ही सवय त्यांनी घरीही आणली. मी शिवणकाम करते. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरासाठी मी हौसेनं पडदे शिवले, तर भाऊजींनी ते खिडकीला लागायच्या आत मोजले.

"डावी बाजू दोन मिलिमीटर जास्त आहे," ते म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांना तोंडावर नापासराव म्हणते. मेहुणी म्हणून तेवढा हक्क मला आहेच, पण त्यांना ते कौतुकच वाटतं, हे माझं दुर्दैव.

ते निवृत्त झाले आणि त्याच पडद्यामागे खिडकीत जाऊन बसले. चार महिने. दाढी वाढलेली, अंगात बनियन, समोर गार झालेला चहा. नापास करायला काही उरलं नव्हतं, म्हणून स्वतःलाच करत असावेत. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं, दोन्ही एकदम.

अशात ताईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी धरली, आयुष्यातली पहिली. शहराच्या दुसऱ्या टोकाला कवळ्या बनवणारी एक कार्यशाळा आहे, तिथे तयार कवळ्या घासून गुळगुळीत करायचं काम. तिथल्या मालकीणबाई शिस्तीच्या. आठच्या ठोक्याला प्लास्टर कालवायला घेतात आणि दार लावतात. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "तीन महिने बघू. तीनदा उशीर झाला की चौथ्या दिवशी येऊ नका."

"एवढा धाक कशाला सहन करतेस?" मी विचारलं.

"अगं, मला आजवर कुणी 'उद्या वेळेवर या' असं म्हटलंच नव्हतं," ताई म्हणाली. ती हसत होती, पण मला कळलं की ही नोकरी तिच्या हातून गेली तर ती पुन्हा दुसरी मागायला जाणार नाही.

कामावर पुढच्या महिन्यापासून जायचं होतं आणि तिकडे बस जात नव्हती. भाऊजी खिडकीतून उठले. "सायकल मी लावून देतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून दांडी नसलेली एक सायकल घेऊन आले. पुढचे तीन आठवडे त्यांच्या बाल्कनीत पाय ठेवायची सोय नव्हती. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, चाकांचा आउट काढून ती सरळ फिरती केली, ब्रेक नवे, केबली नव्या, रंग हिरवा. मग सजावट सुरू झाली. पुढे टोपली, मागे लोखंडी कॅरिअर, डबा अडकवायला आकडा, छत्री उभी राहील अशी नळी, दोन आरसे, दोन घंट्या ("एक माणसांसाठी, एक कुत्र्यांसाठी"), आणि सीटमागे हत्यारांची पेटी. त्या पेटीत इतकी हत्यारं होती की वाटेत एखादी आगगाडी बंद पडली असती तर ताईनं ती चालू करून दिली असती.

सीटची उंची ठरवायला त्यांनी अख्खी दुपार घेतली. पॅडल तळाशी असताना गुडघा किती वाकावा याचा हिशेब करून, मापं घेऊन, नट आवळून त्यांनी ताईला बसवलं आणि सायकल धरून ठेवली.

"कसं वाटतंय?"

ताईच्या पायाची बोटं पॅडल शोधत होती. पण भाऊजींनी त्या दिवशी चार महिन्यांनी गुळगुळीत दाढी केली होती.

"अगदी बरोबर," ताई म्हणाली.

वाटेत पाच चौक. प्रत्येक चौकात उडी मारून उतरायचं, आणि परत चढायला फुटपाथची कड शोधायची. त्यात ती पेटी मागे खेचणार आणि छत्रीची नळी पाठीत टोचणार. पहिल्या आठवड्यात ताईला दोनदा उशीर झाला. दुसऱ्या वेळी ती कार्यशाळेच्या बंद दारासमोर तासभर उभी राहिली. आता एकच उशीर शिल्लक होता.

संध्याकाळी ती माझ्या दुकानात येऊन रडली. मी म्हटलं, "सरळ सांग ना त्यांना, सीट खाली करा म्हणून."

"नाही सांगायची. एकतीस वर्षं दुसऱ्यांना नापास करणाऱ्या माणसाला मी घरात नापास करू? परत खिडकीत बसतील गं ते."

"मग गुपचूप खाली कर."

"रोज संध्याकाळी तपासतात. व्हर्नियर लावून."

मग काय, माझं डोकं अशा कामात सरळ चालण्यापेक्षा आडवं जास्त चालतं. दुसऱ्या दिवसापासून ताई घरून सायकल हातात धरून निघायची. भाऊजींना सांगितलं होतं, गल्लीत खड्डे आहेत, कोपऱ्यापासून बसते. कोपऱ्यावर माझं दुकान. मी पाना घेऊन तयार. सीट चार बोटं खाली. पेटी, नळी, कॅरिअर, एक आरसा, कुत्र्यांची घंटी, सगळं काढून आतल्या खुंट्यांवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांमध्ये. चार मिनिटांत ताई भुर्र. संध्याकाळी हाच खेळ उलटा, सीट सकाळी केलेल्या खडूच्या खुणेपर्यंत वर, आणि मग सगळं पुसून, म्हणजे खूण आणि पान्याचे डाग दिसायला नकोत. भाऊजी रोज मोजायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "बघ, एवढं वापरून सूतभर हललेली नाही."

एका गिऱ्हाइकानं तर माझ्याकडे तो आरसा विकत मागितला. मी म्हटलं, तो फक्त दिवसा टांगायला ठेवलाय.

पावणेतीन महिने असे निभले. एकही उशीर नाही. मला तर या लबाडीची चटकच लागली होती, खोटं कशाला सांगू?

तीन महिन्यांच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी पाना बाजूला ठेवून ताईची वाट बघत होते. मालकीणबाई आज काय तो निकाल देणार होत्या. दार ढकललं गेलं आणि आत आले भाऊजी. पँट उसवली होती म्हणे. त्यांनी पँट टेबलावर ठेवली, मान वर केली, आणि त्यांची नजर खुंट्यांवर गेली.

"अशाच एका बाईंच्या आहेत वस्तू," मी म्हटलं.

भाऊजींनी पेटी खाली काढली. उघडली. बंद केली. "ही बिजागरी मी घरी घासून बनवलीये," ते हळूच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बाहेर घंटी वाजली. काचेतून दोघांनी पाहिलं. ताई वळणावरून येत होती, पाठ ताठ, ओढणी वाऱ्यावर, तोंडात कसलं तरी गाणं. दुकानासमोर तिनं ब्रेक दाबला आणि सीटवर बसल्या बसल्याच एक पाय जमिनीवर टेकवला. भाऊजींनी तिला अशी मजेत सायकल चालवताना पहिल्यांदाच पाहिलं होतं. रोज फक्त ढकलताना पाहायचे.

"कायम केलं मला!" असं ओरडत ती आत आली आणि भाऊजींना बघून दारातच थबकली.

"सीट किती खाली आहे?" त्यांनी विचारलं.

उत्तर मी दिलं. "चार बोटं."

"बोटं? कुणाची?" एवढ्या अपमानातही त्यांना आधी ते खटकलं.

मग ताईनं सगळं सांगून टाकलं, दोन उशिरांसकट. भाऊजी ऐकत राहिले. "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दाढी केली होती," ताई म्हणाली.

मला उगाचच मशीनचं तेल तपासावंसं वाटलं. मग भाऊजींनी माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली. ताईला भिंतीला टेकून उभं केलं, खाली बसले, आणि टाचेपासून तिच्या पायाचं माप घेतलं. आकडा वाचला. परत घेतला. परत वाचला.

"मी स्वतः बसून लावली होती सीट," ते म्हणाले. "माझ्या पायानं." त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "तू एवढी बुटकी कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून," ताई म्हणाली.

मला हसू आवरेना. भाऊजी हसले नाहीत. ते तडक सायकलीकडे गेले, खिशातून व्हर्नियर काढलं आणि मी सीट खाली घेतलेली ती चार बोटं मोजली.

"अर्धा सेंटीमीटर जास्त खाली आहे," मला म्हणाले. "नापास."

त्यांनी सीट तेवढी वर घेतली, नट आवळला, आणि कॅरिअर, नळी, आरसा, घंटी माझ्या दुकानातच टाकून ताईच्या मागून चालत घरी गेले. पेटी तेवढी काखेत धरून नेली. अर्धा सेंटीमीटर! मी दोन दिवस धुसफुसत होते. तिसऱ्या दिवशी ताई सांगत आली, की चौथ्या चौकापुढच्या चढावर आता उतरावं लागत नाही आणि ती सात मिनिटं आधी पोचते.