मधली लेन आणि डावी सीट

सदर हकीकत मांडण्यापूर्वी नमूद करतो की, अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शिक्षण नववीपर्यंत, तरीही लंडनच्या इल्फर्ड भागातील आपल्या मंडळींचे कौन्सिलकडचे अर्ज आणि पार्किंगच्या दंडाविरुद्धची अपिले गेली वीस वर्षे मीच लिहितो. पुराव्यावाचून एक ओळही मी लिहीत नाही.

माझी पत्नी सुमन गाडी चालवत नसे, पण इथल्या वाहतूक नियमांचे पुस्तक, हायवे कोड, तिला पाठ होते. ओव्हरटेक झाले की रिकाम्या डाव्या लेनमध्ये परतायचे, हा त्यातलाच एक नियम. माझ्या लायसन्सच्या थिअरी टेस्टसाठी तिनेच ते मला वाचून दाखवले होते. दर महिन्याला आम्ही ब्रिस्टलला मुलीकडे जायचो. मोटरवेवर ओव्हरटेक करून मी मधल्या लेनमध्ये रेंगाळलो, की डाव्या सीटवरून लगेच सुरू —

"अहो, डावीकडे घ्या. लेन रिकामी आहे."

"घेतो गं. मी काय कुणाला अडवतोय?"

"मग करा अपील माझ्याविरुद्ध!"

तिला जाऊन दोन वर्षे झाली. गेल्या मार्चमध्ये, भर दुपारी, मी एकटाच ब्रिस्टलला निघालो होतो. वाटेतले मेडनहेड गाव मागे पडले. मी मधल्या लेनमध्ये होतो... आणि कुणी बेल्ट न लावता बसले की वाजतो, तो शेजारच्या सीटचा बेल्ट-अलार्म वाजू लागला. सीटवर काहीही नव्हते — पिशवीसुद्धा नाही. पाठोपाठ स्पष्ट शब्द आले, "अहो, डावीकडे घ्या."

मी इंडिकेटर देऊन डावीकडे आलो. अलार्म थांबला.

गॅरेजवाल्याने सेन्सर तपासला. "नथिंग राँग विथ इट, मेट."

त्यानंतर मी जे केले, ते कबूल करतो. प्रत्येक फेरीत मेडनहेड गेले, की डावी लेन रिकामी असतानाही मी मुद्दाम मधल्या लेनमध्ये राहू लागलो. रेडिओ बंद, कान डावीकडे. चार फेऱ्या झाल्या... काही नाही. पाचव्या फेरीत मागून पोलिसांची गाडी आली आणि मला मोटरवेलगतच्या थांब्यावर, सर्व्हिसेसमध्ये, नेऊन उभे केले.

"एनी रीझन यू वेअर सिटिंग इन द मिडल लेन, सर?"

दुसऱ्यांसाठी शेकडो कारणे लिहिणारा मी... तोंडातून एवढेच निघाले, "आय वॉज वेटिंग फॉर माय वाइफ."

पोलिसाने रिकाम्या सीटकडे पाहिले. पेन खिशात ठेवले. "कीप लेफ्ट, सर," एवढेच हळू आवाजात म्हणाला.

त्या दुपारचे कोडे मला आजतागायत उलगडलेले नाही. हल्ली मी नियमाप्रमाणे डाव्या लेनमधूनच जातो. त्यामुळे तिला बोलायला कारणच उरत नाही — अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.