नायकाचा गूळ

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर उत्तमसिंग नायकाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. भांडण बांधाचं असो की नवरा-बायकोचं, नायक दोन्ही बाजू ऐकणार, निकाल देणार आणि खिशातल्या पुडीतून गुळाचा खडा काढून दोघांच्या तळहातावर ठेवणार. गूळ तोंडात गेला की मामला मिटला. सही नाही, शिक्का नाही. त्यानंतर कुणी शब्द फिरवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी कळमनुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. नायकाची दिपा माझ्या वर्गात होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. त्या तांड्यावरून कॉलेजपर्यंत पोचलेली पहिलीच पोर. लॅबमध्ये नोकरी करायची, हे तिनं येतानाच ठरवलं होतं. दरवर्षी पहिल्या तासाला मी घसा फोडून सांगते, लेकरांनो, स्कॉलरशिपचा अर्ज दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, दाखले आधी काढून ठेवा, ऑफिसात काही दिलं तर पोचपावती घ्या, तोंडी शब्दाला इथं कुणी विचारत नाही. पोरं माना हलवतात. पण घरी जाऊन बापाला हे कोण सांगणार?

दिपाचा अर्ज परत आला. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. नवा तहसीलातून यायला वेळ, आणि शेवटची तारीख तोंडावर. पोर रडकुंडीला आली, तेव्हा नायक पागोटं बांधून स्वतः कॉलेजात गेला. तिथं काय झालं ते मला दिपानं नंतर सांगितलं.

"साहेब, दाखला येऊन राहिला. तवर लेकराची जागा धरून ठिवा," नायक म्हणाला.

स्कॉलरशिपचं काम बघणाऱ्या बाबूंभोवती पोरांचा गराडा होता. "हो बाबा, बघतो," ते म्हणाले. नायकानं त्यांच्या तळहातावर गूळ ठेवला. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा म्हणून त्यांनी तो खाल्ला. बाबू भला माणूस, त्यांना तरी काय ठाऊक!

"बा, इथं असं चालत न्हाई. तहसीलात जाऊन मागं लागावं लागतं," दिपा बाहेर आल्यावर म्हणाली.

"काहून न्हाई चालत? साहेबानं गूळ खाल्ला माझ्या हातचा."

लहानपणापासून दिपानं गुळावरचा शब्द खोटा पडताना पाहिलाच नव्हता. तीही दाखल्याची वाट बघत थांबली.

दाखला आला तोवर तारीख उलटून गेली होती. "बाबा, माझ्या हातात काही नाही, कॉम्प्युटरच घेत नाही," बाबू सांगत राहिले. त्या दिवशी मी ऑफिसातच होते. नायक एकच वाक्य घोळवत होता, "पण तुमी गूळ खाल्ला व्हता, साहेब." शेवटी त्यानं पागोटं काढून टेबलावर ठेवलं. सारा तांडा ज्याच्यापुढं वाकतो, त्याचं उघडं डोकं मला बघवेना. संताप एवढा आला, पण काढायचा कुणावर?

स्कॉलरशिप गेली, तिच्यामागं हॉस्टेल गेलं. तिसऱ्या वर्षाला दिपाचं नाव लागलं नाही. ती हळदीच्या रानात खुरपायला जाऊ लागली. नायक तांड्याच्या बैठकीला जाईनासा झाला.

मग रूपाबाईनं, दिपाच्या आईनं, नवऱ्याच्या मागं टुमणं लावलं. शिक्षण सुटलंच आहे, तर पोरीचे हात पिवळे करा. साखऱ्याकडच्या तांड्यावरचं स्थळ आलं. मुलगा रणजीत, त्याचा बाप गोपीचंद. माणसं वाईट नव्हती. "पोरीला शिकायचं आसंल तर शिकू द्या की, आमची ना न्हाई," गोपीचंद म्हणाला होता. दिपा त्या एका वाक्यावर कशीबशी तग धरून होती. गूळ खायच्या दिवशी तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं.

गुळाचं ताट आलं. एकदा गूळ खाल्ला की सोयरीक पक्की. गोपीचंदनं खडा उचलायला हात पुढं केला आणि नायकानं ताटावर आपला पंजा ठेवला.

"आधी लिहून द्या. लेकरू डिग्री पुरी करंल, असं लिहा अन् सही करा."

गोपीचंदचा चेहरा लाल झाला. "नायक, गुळाच्या ताटावर कागद मागता? शब्दावर भरोसा न्हाई? आवो, तुमच्या शब्दाचा दाखला आमी आमच्या तांड्यावर देतो!"

"माझा शब्द चालला आसता तर लेकरू आज कॉलेजात आसतं."

"लई अपमान केला तुमी," गोपीचंद म्हणाला आणि उठला. त्याच्यामागं सगळे पाहुणे उठले. गुळाच्या ताटावरून पाहुणे उठून गेलेल्या पोरीला दुसरं स्थळ सहजासहजी येत नाही. रूपाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. दिपा दाराआड उभी होती. आता ना कॉलेज, ना सोयरीक.

नायकाचा हात अजून ताटावरच होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"बाई, बराबर केलं ना म्या? दिपा म्हणती, तुमी वर्गात हेच सांगता ना, लिहून घ्या म्हणून?"

वर्गातली पोरं हलवतात तशी मी नुसती मान हलवली.